न तडकणारी काच देणारा माणूस

काचेच्या साध्या ग्लासात उकळता चहा ओतला की कधी तो तडकतो. आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते. या ओढाताणीत काच फुटते. यावर उपाय शोधला जर्मनीच्या ऑटो शॉट यांनी.

जन्म १८५१, विटेन गावी. वडील खिडक्यांच्या काचा बनवायचे. मुलाने १८७५ मध्ये डॉक्टरेट मिळवली तीही काचेतल्या दोषांवरच! १८८४ मध्ये येना शहरात आबे आणि झाइस यांच्यासोबत प्रयोगशाळा काढली. आपल्या टाकणखारात असतो तो बोरॉन त्यांनी काचेत मिसळला, आणि उष्णतेने फारच कमी प्रसरण पावणारी काच हाती आली. थर्मामीटर, गॅसच्या दिव्यांच्या काचा त्यातूनच बनल्या. १९३५ मध्ये ते गेले.

काचेचं भांडं घेताना ‘बोरोसिलिकेट’ लिहिलंय का, जरूर पाहा. ती शॉट यांचीच देणगी!