जॉन वेस्ली आणि बारा जणांचा वर्ग

इंग्लंडांतील एपवर्थ गांवच्या पाळकाच्या घरीं सन १७०३ मध्यें जॉन वेस्ली यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथें शिकून ते इंग्लंडच्या मंडळीचे दीक्षित पाळक झाले. १७३९ च्या एप्रिलांत जॉर्ज व्हिटफील्ड या मित्राच्या आग्रहावरून त्यांनीं ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानांत उपदेश केला, व खाणींतील मजूर हजारोंनीं ऐकावयास आले.

व्हिटफील्ड हे वक्तृत्वांत वेस्लींहून वरचढ होते. परंतु श्रोते जमविणें निराळें व जमलेल्यांस सांभाळणें निराळें, हें वेस्लींनीं ओळखिलें. एकटा मनुष्य इतक्यांची काळजी कशी वाहणार?

याचें उत्तर कर्जांतून निघालें. १७४२ सालीं ब्रिस्टलच्या सभागृहाचें कर्ज फेडण्याचा विचार चालला असतां, प्रत्येकानें दर आठवड्यास एक पेनी द्यावी असें एकानें सुचविलें. पुष्कळांस तेवढेंही झेपणार नाहीं अशी शंका निघाली, तेव्हां त्यानें सर्वांत गरीब असे अकरा जण आपणाकडे मागून घेतले. त्यांजकडे आपण आठवड्यास जाऊं, व ज्यास देतां येणार नाहीं त्याची भर आपण घालूं, असें तो म्हणाला. इतरांनींही तसेंच केलें. वर्गणीसाठीं घरोघरीं फिरतां फिरतां कोण दारू पितो, कोणाच्या घरीं भांडण आहे, हेंही त्यांस कळूं लागलें. वेस्लींनीं तत्काळ जाणिलें कीं, हवी होती ती व्यवस्था हीच. वर्गणीदार गोळा करणारे वर्गनायक झाले, आणि त्यांत पुढें स्त्रियाही होत्या.

दुसऱ्यावर भार टाकणें वेस्लींस सोपें गेलें नाहीं. लंडनांत टॉमस मॅक्सफील्ड हा अदीक्षित तरुण उपदेश करूं लागल्याचें ऐकून ते त्यास थांबविण्यासाठीं घाईनें परतले. आधीं त्याचें ऐकून त्याच्या कामाचें फळ पहा, अशी सल्ला मातोश्री सुझाना यांनीं दिली. त्यांनीं ऐकिलें, आणि विरोध सोडिला.

१७४४ पासून ते आपल्या साहाय्यकांस दरवर्षीं एकत्र बोलावीत. काय शिकवावें, कसें शिकवावें व काय करावें, या प्रश्नांचा तेथें विचार होई. आपल्यामागें काय होईल हेंही त्यांनीं पाहिलें. १७८४ मध्यें कायदेशीर लेख करून शंभर उपदेशकांच्या हातीं त्यांनीं हा कारभार सोंपविला. २ मार्च १७९१ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, ते निवर्तले. त्या वेळीं ब्रिटिश बेटांत त्यांच्या मंडळ्यांचे सभासद सत्तर हजारांहून अधिक होते.

बंधुजनहो, पुढील वर्षांचा विचार करणें हें केवळ मोठ्यांचें काम नव्हे. ज्याच्याकडे बारा घरें आहेत, त्यानें त्या बारा घरांची खरी स्थिति जाणावी, आणि आपण नसतांना हें काम कोण पाहील, त्यास आजच हाताशीं धरून शिकवावें.