फोटोचे राजे – राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ हे आपल्या देशातील फार मोठे छायाचित्रकार होऊन गेले. आमच्या गुरुजींनी त्यांची माहिती वर्गात सांगितली व त्यांनी काढलेले फोटो दाखवले. ती माहिती मी येथे लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळ सरधना या गावी झाला. हे गाव उत्तर प्रदेशात आहे. त्यांचे घराणे जैन होते आणि घरचा धंदा जवाहिऱ्याचा होता. पण दीनदयाळ त्या धंद्यात गेले नाहीत. ते रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. १८६६ साली त्यांना इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी लागली. नकाशे काढायचे आणि बांधकामाला किती खर्च येईल त्याचा अंदाज करायचा, असे त्यांचे काम होते. त्यामुळे भिंत, खांब, कमान कशी उभी असते हे त्यांना चांगले समजत होते. हे ज्ञान त्यांना पुढे फार उपयोगी पडले.

वयाच्या तिशीच्या सुमारास त्यांना फोटोचा नाद लागला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. नोकरी सांभाळून ते फोटो काढू लागले.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे खेळ नव्हता. आज आपण मोबाईलवर बोट ठेवलं की झाला फोटो. तेव्हा कॅमेरा म्हणजे लाकडाची मोठी पेटीच असे. ती तिकाटण्यावर ठेवायची आणि डोक्यावरून काळे कापड घेऊन आत बघायचे. आत सगळं उलटं दिसायचं, देवळाचा कळस खाली आणि पायऱ्या वर! फोटो काचेवर उठत असे. काचेवर औषध ओतायचे, ती ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. म्हणून प्रवासात अंधार करण्यासाठी तंबूसुद्धा बरोबर न्यावा लागे. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा थोडे सोपे झाले. पण मोठा फोटो हवा असेल तर काचही तेवढीच मोठी लागे. काच म्हटलं की फुटायची भीती. वाटेत एक धक्का बसला की केलेली सगळी मेहनत गेली.

माणूस हलला की फोटोत पुसट येई. देऊळ आणि किल्ला मात्र हलत नाहीत. म्हणून जुन्या इमारतींचे फोटो फार स्पष्ट आले आहेत. काही फोटोंत इमारतीजवळ माणूस उभा दिसतो. त्याच्यावरून इमारत केवढी उंच आहे ते लगेच कळते.

१८८२ साली लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर दीनदयाळ मध्य भारतात फिरले. त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची देवळे, सांचीचा स्तूप यांचे फोटो काढले. त्या फोटोंचे पुस्तक १८८६ साली निघाले. लांबच्या लोकांनाही आपल्या देशातील इमारती घरबसल्या दिसू लागल्या.

नंतर हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपल्या दरबारात घेतले. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणून दीनदयाळ आमच्या भागातही आले. त्यांनी वेरूळची लेणी, देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा यांचे फोटो काढले. वेरूळचे कैलास लेणे एकाच डोंगरात वरून खाली कोरलेले आहे. आम्ही सहलीला जाऊन ते पाहिले आहे. त्यांचा सव्वाशे वर्षांहून जुना फोटो पाहिला आणि मला एकदम ओळखू आलं. आपल्या जवळची जागा त्यांनीही पाहिली होती म्हणून मला लई आनंद झाला.

१८९२ साली त्यांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. पडदा पाळणाऱ्या बायकांना परक्या पुरुषासमोर बसता येत नव्हते. म्हणून तेथे एक इंग्रज बाई फोटो काढायच्या. त्यामुळे त्या बायकांनाही आपला फोटो काढून घेता आला.

१८९४ साली निजामांनी त्यांना राजा ही पदवी दिली. मुसव्विर जंग असाही किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. त्यांच्याकडे राज्य नव्हते, किल्ला नव्हता, सैन्य नव्हते. तरी ते कामाने राजा झाले. १८९६ साली त्यांनी मुंबईलाही स्टुडिओ उघडला. १८९७ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने त्यांना आपले छायाचित्रकार म्हणून मान दिला. १९०५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे घरच्या लोकांनी त्या काचा जपून ठेवल्या. आता दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांच्या २८५७ काचा आहेत. एवढ्या वर्षांत त्या फुटल्या नाहीत, हे केवढे नवल! २००६ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले.

आमच्या गावात जुनी गढी आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा एक बुरूज ढासळला. तो बुरूज कसा होता ते आता लहान मुलांना दाखवता येत नाही, कारण त्याचा एकही फोटो गावात कुणाकडं नाही. आजोबांना विचारलं की ते मातीत काठीने रेघा ओढून दाखवतात. पण कमान किती उंच होती, ते काही रेघांवरून कळत नाही. गढीचे दगडही लोक गोठ्याला आणि बांधाला नेतात.

फोटोमुळे पडलेला बुरूज परत उभा राहणार नाही. पण जे उरले आहे त्याचा फोटो आजच काढता येतो. आपल्याला काचा, तंबू, औषध काही लागत नाही. आज भित्तिपत्रिका बघायला आलेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. सणाला आपण घरच्यांचे फोटो काढतोच. तसा गढीचा, बारवेचा, वेशीचा आणि जुन्या वाड्यांचाही एक एक फोटो काढून शाळेत द्यावा. खाली गाव आणि साल लिहावे. गुरुजी ते वहीत चिकटवून ठेवणार आहेत.

राजा दीनदयाळ यांनी लांबची देवळे पाहिली आणि आमच्या जवळची लेणीही पाहिली. जे पाहिले ते सर्वांसाठी ठेवून गेले. अशा या थोर छायाचित्रकारास माझे वंदन.

– इयत्ता चौथी