ज्यांना मत नव्हते त्यांचा प्रतिनिधी

मुरबाड विधानसभा मतदारसंघाचा इतिहास सांगावयाचा म्हटले की शांताराम घोलप, गोटीराम पवार, दिगंबर विशे, किसन कथोरे ही नावे ओघानेच येतात. घोलप 1984 मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले. कथोरे यांनी 2009 पासून 2024 पर्यंतच्या चारही निवडणुका जिंकल्या. पहिली राष्ट्रवादी काँग्रेसकडून, पुढच्या तीन भारतीय जनता पक्षाकडून. परंतु या तालुक्यात ज्यांच्या नावाने दरवर्षी 2 जानेवारीस लोक जमतात, त्या भाई कोतवालांनी येथून कधी निवडणूक लढविली नाही. ते येथील रहिवासीही नव्हते. पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या म्हशाहून नारिवलीच्या बाजूस गेले की सह्याद्रीच्या कुशीत सिद्धगड उभा दिसतो. त्याच्या जंगलात त्यांचा अंत झाला, एवढाच त्यांचा या मतदारसंघाशी कागदोपत्री संबंध. तरीही लोकप्रतिनिधी या शब्दाचा अर्थ शोधू पाहणाऱ्याने त्यांच्या अवघ्या तीस वर्षांच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी 1850 मध्ये शोधलेले हे थंड हवेचे ठिकाण साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे. डोंगरावर बंगले व हॉटेले, आणि त्यांच्या सेवेसाठी राबणारे हमाल, रिक्षा ओढणारे, घोडेवाले व कारागीर. विठ्ठल या दुसऱ्या माथेरानातला मुलगा. पुण्यास राहून त्यांनी शिक्षण घेतले, कायद्याची परीक्षा दिली, आणि शहरात वकिली थाटण्याऐवजी ते परत आले. कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांचे खटले ते पैसे न घेता चालवू लागले, खेडोपाडी स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. 1941 मध्ये ते माथेरान नगरपालिकेवर निवडून आले व उपाध्यक्ष झाले. न्हाव्याच्या मुलाने त्या गावाच्या कारभारात खुर्ची मिळविणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्या काळच्या मताधिकाराचे स्वरूप येथे ध्यानात घ्यावयास हवे. 1935 च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळे लोकनियुक्त झाली खरी, पण मत देण्याचा हक्क मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. सिद्धगडाखालचा कातकरी, ठाकूर किंवा कूळ म्हणून कसणारा कुणबी यांची 1937 च्या निवडणुकीत फारशी मोजदाद होण्याचे कारण नव्हते. ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांच्याजवळ मत नाही, आणि ज्यांच्याजवळ मत नाही त्यांच्या प्रश्नावर कायदेमंडळात बोलावयाचे कोणी, असे ते चक्र होते.

कोतवालांनी या चक्रास हात घातला तो धान्याच्या बाजूने. त्यांच्या चरित्रातील हा भाग पुढच्या पराक्रमाच्या तेजात झाकोळून गेला आहे, आणि ते योग्य झाले नाही. भातशेतीच्या मुलखात आषाढ-श्रावण हे उपासमारीचे महिने. कणगी रिकामी, लावणी तोंडावर. अशा वेळी सावकाराकडून सवाई-दिढीने धान्य उचलावयाचे, म्हणजे एक मण भाताबद्दल सुगीत सव्वा किंवा दीड मण परत करावयाचे. दिढीचा दर चार-पाच महिन्यांस शेकडा पन्नास पडतो. सुगीत भाव उतरलेला असतो, म्हणून रुपयांत हिशेब केल्यास व्याज एवढे भारी नाही, असा सावकारीचा युक्तिवाद असे. गणित म्हणून तो अगदीच खोटा नव्हे. पण ज्याला भात विकावयाचा नसून खावयाचा आहे त्याच्या दृष्टीने बाजारभावास अर्थ नाही; त्याच्या घरातून अर्धा मण अधिक गेला एवढेच खरे. तो गेला म्हणूनच पुढच्या आषाढात कणगी आणखी लवकर रिकामी होई. कोतवालांनी धान्यपेढ्या काढल्या त्या येथे. सुगीत गावाने आपले धान्य आपणच साठवावयाचे आणि पावसाळ्यात ते गरजूंस द्यावयाचे. बाहेरचे भांडवल लागत नव्हते; लागत होता तो एकमेकांवरचा विश्वास. सावकाराचा खरा आधार त्याची तिजोरी नसून गावातील अविश्वास असतो, हे त्या तरुण वकिलाने ओळखले होते.

1942 चा ऑगस्ट उजाडला आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मुंबईस वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे एकामागून एक पाडले. या निवडीत भूगोलाचा वाटा होता. कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह 1922 पासून चालू होते. सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज या खेड्यांच्या डोक्यावरून मुंबईकडे जाई आणि खाली चिमणीचा उजेड असे. मनोरा पडला की मुंबईतील यंत्रांना झळ पोचे. सरकारने बक्षिसे लावली. दस्ता रानोमाळ हिंडत सिद्धगडाच्या जंगलात आला. त्या दिवसांत त्यास आसरा मिळाला तो गोरगरीब वाड्यावस्त्यांचा.

2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलिसांनी तळाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. कोतवाल जखमी झाले, आणि त्या अवस्थेत हॉल या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना गोळी घालून ठार केले.

त्यानंतर नऊ वर्षांनी सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली आणि सिद्धगडाखालच्या पाड्यांना मत मिळाले. तत्पूर्वीच, 1946 मध्ये सावकारीवर नियंत्रण ठेवणारा आणि 1948 मध्ये कुळांचा कायदा झाला होता. 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच्यामार्फत पावसाळ्यापुरते खावटी कर्ज देण्याची योजना आली. ती धान्यपेढीचीच सरकारी आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच की पेढीची किल्ली गावात होती आणि खावटीची फाईल कचेरीत. आषाढातली गरज मात्र फाईलीची वाट पाहत नाही.

2008 च्या पुनर्रचनेनंतर मुरबाड मतदारसंघात तालुक्याबरोबर बदलापूर शहर आले. लोकलने मुंबईस जाणारा मतदार तेथे वाढत्या संख्येने राहतो, आणि त्याच्या पाण्याच्या व रेल्वेच्या मागण्या खोट्या नाहीत. उमेदवार मतांचा हिशेब करणार तो जेथे मते दाट आहेत तेथूनच. नारिवलीच्या बाजूचे पाडे विरळ आहेत. 1937 मध्ये त्यांना मत नव्हते, आज आहे. पण निकाल ठरतो तो बहुधा रेल्वे स्थानकाभोवतीच्या इमारतींत.