जॅक बॅरी : एकाच महाविद्यालयाची चाळीस वर्षे

आपल्याकडे क्रिकेटला जे स्थान आहे, ते अमेरिकेत बेसबॉलला आहे. त्या खेळात देशभर कीर्ती मिळवून पुढील चाळीस वर्षे एका येशूसंघीय महाविद्यालयातील तरुणांना वाहून देणाऱ्या जॅक बॅरी यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बॅरी यांचा जन्म २६ एप्रिल १८८७ रोजी कनेटिकट राज्यातील मेरिडन येथे एका आयरिश वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात झाले. येशूसंघाने चालविलेले हे महाविद्यालय १८४३ साली स्थापन झाले. १९०८ मध्ये कॉनी मॅक यांनी त्यांना फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स या व्यावसायिक संघात घेतले.

दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकास शॉर्टस्टॉप म्हणतात. तेथे अतिशय चपळाई लागते. बॅरी फलंदाज म्हणून सामान्यच होते. त्यांची ख्याती क्षेत्ररक्षणाची. मॅकिनिस, कॉलिन्स, बेकर आणि बॅरी या चौघांना वृत्तपत्रांनी लाख डॉलरची फळी असे नाव दिले. १९१०, १९११ आणि १९१३ या वर्षी या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. कॉलिन्स व बेकर यांना पुढे कूपरस्टाउनच्या गौरवदालनात स्थान मिळाले, बॅरी यांना मात्र ते लाभले नाही.

१९१५ मध्ये ते बोस्टन रेड सॉक्स संघात गेले. १९१७ साली खेळाडू व व्यवस्थापक अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी पेलली. तरुण बेब रूथ तेव्हा त्यांच्या हाताखाली चेंडू टाकीत असे. संघाने ९० सामने जिंकून दुसरा क्रमांक मिळविला. पहिल्या महायुद्धामुळे बॅरी नौदलात दाखल झाले आणि १९१८ चे विजेतेपद बोस्टनने त्यांच्याविना मिळविले. १९१९ मध्ये त्यांना पुन्हा फिलाडेल्फियाकडे देण्यात आले, तेव्हा त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती पत्करली.

१९२१ साली ते प्रशिक्षक म्हणून होली क्रॉसमध्ये परतले. महाविद्यालयातील प्रशिक्षकाचे काम मोठे अवघड. विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात आणि नवख्यांना पुन्हा पहिल्यापासून घडवावे लागते. बॅरी यांनी हे कार्य चाळीस वर्षे केले.  पाचांपैकी जवळजवळ चार सामने त्यांनी जिंकले. त्यांचा शिष्य ओवेन कॅरल व्यावसायिक खेळानंतर सीटन हॉल या कॅथलिक विद्यापीठात प्रशिक्षक झाला आणि १९४८ ते १९७२ पर्यंत तेथेच राहिला. गुरूचा कित्ता त्याने गिरविला, असे आम्हांस वाटते.

१९५२ मध्ये, बॅरी पासष्ट वर्षांचे असताना, ओमाहा येथील राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होली क्रॉसने मिझुरी विद्यापीठाचा ८–४ असा पराभव केला. न्यू इंग्लंड प्रदेशातील दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयास ते विजेतेपद आजवर मिळविता आलेले नाही.

२३ एप्रिल १९६१ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते प्रशिक्षकपदी होते. २००७ मध्ये महाविद्यालयीन बेसबॉलच्या गौरवदालनात त्यांचा समावेश झाला.

आपल्या धर्मग्रामांतही मुलांना खेळ शिकविणारे उत्साही कार्यकर्ते पुढे येतात; पण एक-दोन वर्षांत मैदान पुन्हा ओस पडते. मुलांना गुणी शिक्षक हवाच, पण त्याहून अधिक गरज असते ती टिकून राहणाऱ्याची. बॅरी यांचे मोठेपण आम्हांस त्या टिकून राहण्यातच दिसते.