जेम्स प्रिन्सेप : नाण्यांकडून लिपीकडे

ब्राह्मी लिपीच्या वाचनाशी जोडलेले जेम्स प्रिन्सेप हे नाव तुमच्या परिचयाचे असेल. परंतु ते मूळचे भाषापंडित नव्हते, तर टांकसाळीतील धातुपरीक्षक होते, हे ध्यानात घ्या.

त्यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा. दृष्टिदोषामुळे त्यांना वास्तुविद्येचे शिक्षण सोडावे लागले. १८१९ मध्ये ते कलकत्त्याच्या टांकसाळीत आले; पुढे सुमारे दहा वर्षे बनारसच्या टांकसाळीत होते. नाण्यांचा कस पाहता पाहता त्यांवरील मुद्रा आणि अक्षरे न्याहाळण्याची शिस्त त्यांना लागली. कलकत्त्यास परतल्यावर ते एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले.

१८३४ मध्ये रणजितसिंहांच्या सेवेतील फ्रेंच सेनानी कोर यांनी पंजाबातील माणिक्याला येथे एक स्तूप उघडला. त्यात कनिष्काच्या नाण्यांसोबत रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळातील चांदीची सात नाणी निघाली. प्रिन्सेप संपादित करीत असलेल्या नियतकालिकातून हा शोध अभ्यासकांपर्यंत पोहोचला. अशा पुराव्याची मर्यादा तुम्ही नीट समजून घ्या. नाणे पाडले जाण्यापूर्वी ते पुरले जाणे अशक्य. मात्र पाडल्यानंतर ते शतकभरही चलनात राहू शकते. म्हणून या रोमन नाण्यांवरून स्तूप त्यांच्यानंतरचा आहे एवढेच ठरते. किती नंतरचा, ते कनिष्काच्या नाण्यांवरून ताडावे लागते.

हीच सावध दृष्टी लिपीच्या शोधात उपयोगी पडली. हिंद-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे असत. ग्रीक नावांच्या आधारे प्रिन्सेप यांनी काही खरोष्ठी अक्षरे ओळखली. १८३७ मध्ये सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी हेरले. हे दानलेख असावेत, या तर्कावरून त्यांनी ‘दानं’ हा शब्द वाचला आणि त्यातून ब्राह्मीची वर्णमाला उलगडत गेली. शतकानुशतके मूक असलेले अशोकाचे लेख पुन्हा वाचता येऊ लागले.

या अविश्रांत श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८३८ मध्ये आजारी अवस्थेत त्यांनी भारत सोडला आणि २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढील घटकात ब्राह्मी ते देवनागरी हा प्रवास अभ्यासताना, त्या वाचनाचा आरंभ अक्षरांइतकाच धातूच्या पारखीतून झाला होता, याचे स्मरण ठेवा.