प्रकाशवैद्य नील्स फिन्सेन

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १८६० साली जन्मलेल्या नील्स रायबर्ग फिन्सेनविषयी डेन्मार्कमधील त्याच्या शाळेचे मत फारसे अनुकूल नव्हते. मुलगा मनाने चांगला, पण बुद्धी बेताची, असा मुख्याध्यापकांचा अभिप्राय होता. वडिलांनी त्याला आइसलँडमध्ये रेक्याविकच्या शाळेत घातले. तेथेही पंधरांच्या वर्गात त्याचा क्रमांक अकरावा आला. शाळांचे अंदाज असेही चुकतात.

कोपनहेगनला वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच त्याला हृदय आणि यकृत हळूहळू निकामी करणाऱ्या असाध्य व्याधीने गाठले. त्याची खोली उत्तराभिमुख होती. अंगात रक्त कमी, थकवा कायमचा. उन्हात बसले की मात्र बरे वाटे. हे का घडते, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. १८९० मध्ये पदवी घेऊन तो शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. पण तीनच वर्षांत ते काम सोडून त्याने प्रकाशाच्या अभ्यासाला वाहून घेतले.

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ सालीच दाखवले होते. खरी अडचण होती ती जिवंत त्वचेखालच्या जंतूंपर्यंत प्रकाश पोहोचवण्याची. रक्तच प्रकाश शोषून घेते, हे फिन्सेनने कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा कागद धरून दाखवून दिले. पाळी दाबून रक्त बाजूला सारले, तरच कागद झटपट काळवंडे. म्हणून त्याने आर्क दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटला, पाण्यातून नेऊन त्यातील उष्णता काढून घेतली आणि थंड पाणी खेळवलेले पोकळ भिंग त्वचेवर दाबून धरण्याची रीत बसवली. १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कंपनीत एका अभियंत्यावर पहिला उपचार झाला. त्वचेच्या क्षयाने त्याचा चेहरा वर्षानुवर्षे पोखरला जात होता आणि इतर सर्व उपाय हरले होते. तो काही महिन्यांत बरा झाला. या रोगाने नाक-ओठ झडलेली माणसे त्या काळी लोकांत मिसळणे टाळीत. त्यांच्यासाठी १८९६ मध्ये फिन्सेन संस्था उभी राहिली. तेथे परिचारिका रोज तास-तासभर भिंग धरून बसत आणि एका बैठकीत नाण्याएवढी त्वचा उजळून निघे.

१९०३ चे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास जाण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते. चाकाच्या खुर्चीवर खिळलेला हा वैद्य स्वतःचे अन्नपाणी मोजून व्याधीच्या नोंदी ठेवीत राहिला. सप्टेंबर १९०४ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

जंतू अतिनील किरणांनी मरतात, अशी त्याची समजूत होती. मात्र काही रंगद्रव्ये प्रकाश पडताच सूक्ष्मजीवांना मारक ठरतात, हे ऑस्कर राब याने म्युनिकमध्ये १९०० सालीच प्रसिद्ध केले होते. डॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये फिन्सेनचे जुने दिवे तपासले, तेव्हा त्यांच्या भिंगांतून अतिनील किरणांपैकी लघुलहरी भाग पार होतच नव्हता, असे आढळले. क्षयाच्या जंतूंतच पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. निळा प्रकाश शोषून ती प्राणवायूचे विध्वंसक रूप निर्माण करतात आणि बहुधा त्यानेच जंतू मरत असावेत.