जिंजरब्रेडवाला क्रिस्टोफर लुडविक

नाताळ जवळ आला म्हणजे जर्मनी देशांत घरोघर सुंठ-दालचिनीचा सुवास दरवळूं लागतो. मसाले, मध अथवा काकवी पिठांत मळून जी गोड रोटी तेथें भाजतात, तिच्याच जातीच्या पदार्थास इंग्रज लोक जिंजरब्रेड म्हणतात. लांकडी सांच्यांत दाबून तिला माणसांचे व पशुपक्ष्यांचे आकार देण्याची चाल फार जुनी आहे. मुलांच्या या आवडत्या खाऊवर संपत्ति मिळवून ती परोपकारीं लावणारा एक पुरुष अमेरिकेंत होऊन गेला. त्याचें नांव क्रिस्टोफर लुडविक.

जर्मनींतील गीसेन गांवीं १७२० सालीं एका पाववाल्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. बापाच्या भट्टीवर तो लहानपणींच राबूं लागला. चौदाव्या वर्षीं त्यास एका मोफत शाळेंत घातलें. तेथें तो लिहावयास-वाचावयास शिकला. पुढें त्यानें शिपाईगिरी केली, जहाजावरील पाववाला होऊन दूरदूरच्या सफरी केल्या, आणि लंडन येथें मिठाईचा धंदा शिकून १७५४ मध्यें फिलाडेल्फिया शहरीं जिंजरब्रेडचें दुकान घातलें. उद्योग व सचोटी यांच्या बळावर अमेरिकन क्रांतीच्या आरंभापर्यंत तो नऊ घरांचा धनी झाला.

स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतांच त्यानें आपलें सर्वस्व पणास लाविलें. १७७७ च्या मे महिन्यांत काँग्रेसनें त्यास सैन्यांतील सर्व पाववाल्यांचा अधिकारी नेमिलें. शंभर पौंड पिठामागें शंभर पौंड पाव द्यावा, अशी अट त्याच्यापुढें आली. पिठांत पाणी मिसळल्यानें पावाचें वजन वाढतें, हें त्या अट घालणारांस ठाऊक नव्हतें. गप्प राहता तर लुडविक गबर होता. परंतु युद्धांतून श्रीमंत होण्याची आपणांस इच्छा नाहीं, असें सांगून त्यानें शंभर पौंड पिठास एकशें पस्तीस पौंड पाव देण्याचें कबूल केलें. १७८१ मध्यें यॉर्कटाउन येथें कॉर्नवालिस शरण आला, तेव्हां वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून त्या पराभूत सैन्यासाठीं त्यानें सहा हजार पौंड पाव भाजविला.

पुढें फिलाडेल्फियांत पीतज्वराची भयंकर सांथ आली. शक्य तो मनुष्य शहर सोडून पळत होता. सत्तरी उलटलेला लुडविक मात्र भट्टीपाशीं उभा राहून गोरगरिबांसाठीं विनामूल्य पाव भाजीत होता.

१८०१ च्या जून महिन्यांत तो मरण पावला. मृत्युपत्रान्वयें त्याच्या संपत्तीचा मोठा भाग गरीब मुलांच्या मोफत शिक्षणास मिळाला. त्यांत देश, वंश वा धर्म यांचा भेद नव्हता. लहानपणीं मोफत शाळेनें दिलेलें ऋण त्यानें असें फेडलें.

बालमित्रांनो, पाण्याचें वजनही ज्यानें आपल्या पदरांत बांधून घेतलें नाहीं, त्याची आठवण नाताळचा गोड घांस घेतांना अवश्य ठेवा.